मेलमधला माणूस आणि समोरचा माणूस

चाफा (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रोजेक्ट कोऑर्डिनेशन बघते. यंदा चौदावं वर्ष. दिवसाला दीडशेच्या आसपास मेल येतात, त्यातल्या निम्म्यांत मी फक्त सीसीत असते. गेल्या महिन्यात एचआरने दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं होतं. आधी डिस्क नावाची चाचणी, मग गटचर्चा आणि शेवटी प्रत्येकाच्या टेबलावर लावायला एक रंगीत पट्टी. डी म्हणजे झटपट निर्णय घेणारा, निकालावर नजर असलेला. आय म्हणजे बोलका, माणसांत रमणारा. एस म्हणजे शांत, सांभाळून घेणारा, वाद नको म्हणणारा. सी म्हणजे काटेकोर, आकडा हातात आल्याशिवाय तोंड न उघडणारा. मी एस निघाले.

परत येऊन इनबॉक्स उघडला, तर पाठवणाऱ्याचं नाव झाकलं तरी मेल कोणाचा हे सांगता येईल असं वाटलं. प्लांट हेड डी आहेत. त्यांचे मेल म्हणजे "ओके.", "व्हाय?", "बाय व्हेन?". सेल्सचा मुलगा आय. "ग्रेट न्यूज टीम!!" अशी सुरुवात, आणि खाली पार्ट नंबर नाही, नग नाहीत, तारीख नाही. क्वालिटी हेड सी. मुद्द्यांना क्रमांक, तीन जोडपत्रं, प्रत्येक विधानाला आधार. आणि आम्ही एसवाले "जेंटल रिमाइंडर" आणि "सॉरी टू डिस्टर्ब". मागच्या महिन्यात मी पाठवलेले मेल शोधून पाहिले. एकसष्ट मेलमध्ये "सॉरी" होतं आणि त्यातल्या एकाही ठिकाणी चूक माझी नव्हती. हे पाहून मला खरंच वाईट वाटलं.

पण धागा काढायचं कारण दीड वर्षापूर्वीचं आहे.

बुश नावाच्या नळीसारख्या सुट्या भागाच्या एका लॉटचा तपासणी अहवाल क्वालिटी हेडनी मेलने पाठवला. विषय होता "इन्स्पेक्शन रिपोर्ट, वीक ३२". एकूण चौदा मुद्दे. पहिल्या आठांत मापं, सगळी ड्रॉइंगप्रमाणे. नवव्या मुद्द्यात लिहिलं होतं की हीट ट्रीटमेंटहून, म्हणजे भट्टीत तापवून भाग कठीण करतात तिथून, आलेल्या लॉटमधल्या पाच नगांपैकी दोघांची हार्डनेस (कठीणपणा) ५५ ते ५६ एचआरसी या मापात भरली. ड्रॉइंगला ५८ ते ६२ लागते. पुढे पुन्हा पॅकिंग, लेबल वगैरे.

सहा मिनिटांत प्लांट हेडनी मोबाईलवरूनच मेलला उत्तर दिलं, "ओके. प्रोसीड." त्यांनी पहिल्या चार ओळी वाचल्या होत्या, तिथे सगळं बरोबर होतं. क्वालिटी हेडना वाटलं, साहेबांनी नववा मुद्दा वाचून जोखीम स्वीकारली. माल गेला. ग्राहकाकडे रिजेक्ट झाला. आमची सहा माणसं तीन दिवस त्यांच्या यार्डात उभी राहून पोर्टेबल टेस्टरने एकेक नग तपासत होती.

नंतरच्या मीटिंगमध्ये एक म्हणाले, "मी मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं." दुसरे म्हणाले, "एवढी मोठी गोष्ट होती तर मला फोन का नाही केला?" दोघंही प्रामाणिक होते, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मी सीसीत होते. मी नववा मुद्दा वाचला होता. मला खटकलं होतं. पण दोन मोठी माणसं बोलली आहेत, त्यांना कळलंच असेल, असं धरून मी गप्प बसले. ते अजून मला टोचतं.

आणखी एक गोष्ट त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नाही. आमच्या स्टोअरच्या काकांनी आदल्या दिवशीच एक मेल टाकला होता. "डियर सर, एचटी लॉट रिसीव्हड अर्ली. प्लीज डू द नीडफुल." एवढाच. हीट ट्रीटमेंटचा (एचटी) लॉट वेळेआधी आला म्हणजे भट्टीत पुरेसा वेळ राहिला नसेल, असं त्यांना सुचवायचं होतं. मेल कुणी उघडूनही पाहिला नाही.

माझा प्रश्न असा: समोरच्याच्या स्वभावाप्रमाणे मेल लिहायचा का? डीला दोन ओळी, सीला दोन पानं? की सगळ्यांनी एकच पद्धत पाळायची? आणि जे गप्प राहतात त्यांचं काय करायचं? आपापले अनुभव लिहा, मला खरोखर हवे आहेत.

दुर्बीण

चांगला विषय, ताई. मी महाविद्यालयात संघटनात्मक मानसशास्त्र शिकवतो, म्हणून आधी त्या पट्ट्यांबद्दल.

डिस्कचं मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ सालच्या पुस्तकात आहे. रक्तदाबावरून खोटं पकडण्याच्या पद्धतीवर काम करणारा आणि पुढे १९४१ साली वंडर वुमन हे पात्र निर्माण करणारा तोच हा माणूस. त्याने सामान्य माणसाच्या भावनांचे चार कल सांगितले, पण चाचणी बनवली नाही. ती पुढे वॉल्टर क्लार्क वगैरेंनी केली. आज एस म्हणजे "स्टेडिनेस" सांगतात, मार्स्टनचा मूळ शब्द "सबमिशन" होता. मधल्या काळात शब्द गोड होत गेले.

त्याआधी १९२१ साली कार्ल युंगने व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांची मांडणी केली. तिच्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची चाचणी तयार केली, ती आपल्याकडच्या कंपन्यांत डिस्कइतकीच चालते. संशोधक मात्र बहुतेक वेळा पाच घटकांचं प्रारूप वापरतात. त्यात माणूस या कप्प्यात की त्या कप्प्यात असं नसतं, कमीजास्त असं मोजमाप असतं, आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी येतात. म्हणून टेबलावर पट्टी लावणं मला पटत नाही. बोलायला सुरुवात म्हणून ठीक. पण सहा महिन्यांनी लोक म्हणायला लागतात, "तो डी आहे, त्याला वाचायला सांगूच नका." म्हणजे वाचण्याची जबाबदारीच संपली.

तुमच्या लॉटच्या गोष्टीत स्वभावापेक्षा मेलची मर्यादा मोठी दिसते. २००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायला सांगितली, काहींना मेलवर, काहींना आवाजातून. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की साधारण ७८ टक्के वेळा समोरच्याला सूर कळेल. आवाजातून जवळपास तेवढा कळलाही. मेलवर मात्र ५६ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी पन्नास टक्के बरोबर आलीच असती.

याचं कारण साधं आहे. लिहिताना तो सूर आपल्या डोक्यात वाजत असतो, आणि तो मेलबरोबर गेला असं आपण धरून चालतो. तुमच्या क्वालिटी हेडच्या डोक्यात नववा मुद्दा मोठ्याने वाजत होता. कागदावर तो आठव्या आणि दहाव्याच्या मधला एक मुद्दा होता, त्यांच्याइतक्याच आकाराचा.

गोदाकाठ

मी जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं काढली. लिपिक म्हणून लागलो, कक्ष अधिकारी होऊन निवृत्त झालो. आमच्याकडे मेल उशिरा आला, पण हा प्रश्न फार जुना आहे, म्हणून लिहितो.

सरकारी पत्रात स्वभावाला जागाच ठेवलेली नाही. विषय, संदर्भ, महोदय, "उपरोक्त विषयास अनुसरून", शेवटी "आपला विश्वासू". १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कारभाराची मराठी घडत गेली, आणि तिचा साचा असा बसला की कुणी लिहिलं ते ओळखूच येऊ नये. याचा मला अभिमान आहे. माणूस बदलला तरी फाईल तीच बोलली पाहिजे.

पण स्वभाव लपतो थोडाच? तो शेऱ्यात उतरतो. आम्ही टिपणी "मान्यतेस्तव सादर" म्हणून वर पाठवायचो. एक साहेब फक्त "मान्य" लिहायचे, तारीखसुद्धा घाईत. दुसरे प्रत्येक टिपणीवर "चर्चा करावी". नवीन पोरं घाबरायची, आपलं काही चुकलं म्हणून. मी त्यांना सांगायचो, अरे, ते रागावले नाहीत, त्यांना वाचण्यापेक्षा ऐकून लवकर कळतं. फाईल घेऊन केबिनमध्ये जा, पाच मिनिटांत सही होईल. आणि व्हायची. तिसऱ्या बाईसाहेब होत्या, त्या समासात पेन्सिलीने बारीक प्रश्न लिहायच्या, "हा आकडा कुठून?" त्यांच्याकडे तोंडी गेलेलं चालायचं नाही. जोडपत्र लावूनच जायचं.

आम्हाला कुणी चाचणी दिली नाही. बदली होऊन नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात मुख्य लिपिक आधीच्या तालुक्याला फोन करून विचारायचा, "साहेबांना कसं लागतं?" त्या एका प्रश्नात सगळं आलं.

आणखी एक. शासनाने माणसाच्या आवाजासाठी एक खास पत्र ठेवलं आहे, अर्धशासकीय पत्र. ते अधिकाऱ्याच्या नावाने जातं, "महोदय" न लिहिता "प्रिय श्री" लिहितात, आणि कित्येक अधिकारी तेवढं संबोधन स्वतःच्या हाताने शाईने लिहितात. तीन स्मरणपत्रांनी न हललेली बाब एका अर्धशासकीय पत्राने हललेली मी पाहिली आहे. मजकूर तोच असायचा. पण या खेपेस खुर्चीने खुर्चीला न लिहिता एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिलेलं असायचं.

रातराणी

काका, "साहेबांना कसं लागतं?" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मी सव्वीस वर्षांची आहे, हिंजवडीत सपोर्टला, बहुतेक रात्रपाळी. मला माणसांत बोलायला जमत नाही. कॉलवर मी तोंड उघडते तोवर दुसऱ्या कुणीतरी बोलायला सुरुवात केलेली असते. त्यामुळे मेल हीच माझी बोलायची जागा आहे. तिथे मला कुणी तोडत नाही. एकेका मेलला मी अर्धा तास घेते, तीनदा वाचते, मग पाठवते.

मागच्या तिमाहीत एक बिघाड पुन्हा पुन्हा येत होता. मी चार रात्री जागून लॉग तपासले, कारण शोधलं आणि टीम लीडला सविस्तर मेल लिहिला. उत्तर आलं, "नोटेड." पुढे काही नाही. मी घरी येऊन झोपूच शकले नाही. आपण काहीतरी मूर्खासारखं लिहिलं, असंच वाटत राहिलं. आठ दिवसांनी महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, म्हणाले, या मुलीने मूळ कारण शोधलं. मग मला कळलं की त्यांच्या भाषेत "नोटेड" म्हणजे शाबासकी होती. पण ते आठ दिवस मला परत कोण देणार?

दुर्बीण

रातराणी, तुमचा अनुभव फार लोकांचा आहे. क्रिस्टिन बायरन या संशोधिकेने २००८ साली मांडलं आहे की मेलमधला आनंदाचा सूर वाचणाऱ्याला सपाट वाटतो, आणि सपाट सूर नकारात्मक वाटतो. म्हणजे प्रत्येक मेल वाटेत एक पायरी खाली उतरतो. "नोटेड" जिथून निघाला तिथे तो साधा होता, तुमच्यापर्यंत पोचताना थंड झाला. त्यात पाठवणारा वरचा असेल तर आणखीच.

मी विद्यार्थ्यांना सांगतो, त्रास देणारा मेल आला तर त्या माणसाचा रोजचा आवाज आठवून तो मोठ्याने वाचा. रोजचा आवाज, आपल्या भीतीने लावलेला नव्हे. आणि लीडच्या जागी असाल तर "नोटेड"च्या पुढे चार शब्द लिहा. "वाचलं, चांगलं शोधलंस." एवढ्याला वीस सेकंद लागतात.

कोकणकडा

मला सगळ्यांचं म्हणणं पटतंय, पण एका गोष्टीवर कुणी बोट ठेवलेलं नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

मी लोटेच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे, एकवीस वर्षं. तुम्ही ज्याला स्वभाव म्हणताय त्यातलं निम्मं पद आहे. मोठ्या साहेबाला "ओके" एवढं लिहून चालतं कारण त्याला कुणी जाब विचारत नाही. ऑपरेटरने साहेबाला "ओके" लिहून बघावं. उद्धट ठरेल. चाफाताईंचं "सॉरी", तेही मला स्वभाव वाटत नाही. कारखान्यात बाई म्हणून चौदा वर्षं काम करताना, नुसतं "माहिती पाठवा" लिहिलं की "मॅडम फार कडक आहेत" असं ऐकावं लागतं. मग माणूस आपोआप "सॉरी टू डिस्टर्ब" लिहायला शिकतो.

एक करून पाहा. तुमचे प्लांट हेड तुम्हाला काय लिहितात ते सोडा. ते ग्राहकाला काय लिहितात ते उघडून वाचा.

आणि वेळेचंही तसंच. रात्री साडेअकराला साहेबाचा मेल येतो, तो म्हणतो, मी असाच आहे, मला रात्री सुचतं. सुचू दे. पण खालच्या माणसाला तो मेल आला की उठून बसावं लागतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडलं होतं. स्वभाव म्हणून सोडून दिलं की ज्याच्या हातात अधिकार त्याचाच स्वभाव सगळ्यांना सांभाळावा लागतो.

चाफा

कोकणकडा, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून काल ऑफिसात पहिलं काम तेच केलं. त्या लॉटनंतर प्लांट हेडनी ग्राहकाच्या खरेदी विभागाला लिहिलेले मेल माझ्याकडे सीसीत आहेत. "रिस्पेक्टेड सर, वुई सिन्सिअरली रिग्रेट." चार परिच्छेद, एकेक पायरी उलगडून. कुठेही घाई नाही. तोच माणूस, तोच आठवडा.

म्हणजे त्यांना लांब लिहिता येतं आणि लांब वाचताही येतं. "सॉरी"बद्दल तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. आजपासून एक ठरवलंय. चूक माझी असेल तरच तो शब्द लिहायचा.

दूरदेशी

मी मूळचा पिंपरीचा, नऊ वर्षं श्टुटगार्टला. गाड्यांचाच धंदा, त्यामुळे चाकणचं नाव वाचून थांबलो.

इथे आलो तेव्हा माझी टीम लीड एक जर्मन बाई होती. माझ्या पहिल्या मोठ्या ड्रॉइंगवर तिचा मेल आला, "पान ३ वरचं हे चूक आहे. शुक्रवारपर्यंत दुरुस्त कर." वर नमस्कार, खाली "शुभेच्छांसह", मधे एवढंच. मला वाटलं, नोकरी जाते आता. दुपारी तीच बाई कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी करत बसली. तिच्या लेखी चूक ड्रॉइंगमध्ये होती, माझ्यात नव्हती. मला ते समजायला वर्ष लागलं.

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. पुण्याची टीम तिला लिहायची, "वुई विल ट्राय अवर बेस्ट." ती ते "हो" म्हणून टिपून घ्यायची आणि पुढचं वेळापत्रक त्यावर लावायची. मला मात्र वाचताक्षणी कळायचं की हे "बघतो" आहे. आपल्याकडे "बघतो" म्हणजे बहुतेक वेळा "नाही", फक्त समोरच्याचं मन न मोडता सांगितलेलं. घरी, लग्नकार्यात, शेजारीपाजारी ते सगळ्यांना कळतं. इंग्रजीत नेलं की कुणालाच कळत नाही. तारीख उलटायची, तिकडे संताप, इकडे "आम्ही हो म्हटलंच नव्हतं".

शेवटी मी दोन्हीकडच्या लोकांना विनंती केली की मेलमध्ये तीनच उत्तरं ठेवा. होईल, तारीख ही. होणार नाही, कारण हे. माहीत नाही, अमुक दिवशी सांगतो. पुण्याच्या मुलांना "होणार नाही" लिहायला फार जड गेलं. एका मुलाने पहिल्यांदा लिहिलं आणि मला फोन करून विचारलं, "दादा, चालेल ना?" त्या मेलला बाईंचं उत्तर होतं, "धन्यवाद, आता मला नियोजन करता येईल."

हा स्वभाव की संस्कृती? माझ्या मते तो मुलगा घरच्या वळणाने वागत होता. स्वभावाने तो चांगला धीट आहे.

जास्वंद

मी कोल्हापूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. माझा मेलशी संबंध कमी, पण तुम्ही सगळे ज्या मेलबद्दल बोलताय ते लिहायला आम्हीच शिकवतो, म्हणून थोडं.

मराठीत पत्र शिकवताना आम्ही नात्यापासून सुरुवात करतो. वडिलांना तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार. धाकट्याला चिरंजीव, अनेक आशीर्वाद. मित्राला प्रिय, आणि शेवटी "कळावे, लोभ असावा". मुलाला कळतं की मी कोणाला लिहितो त्यावर माझा आवाज बदलतो. इंग्रजी पत्र शिकवताना मात्र एकच साचा घोकून घेतो, कारण परीक्षेत साच्याला गुण असतात. "विथ रेफरन्स टू", "आय बेग टू स्टेट", "काइंडली डू द नीडफुल". मूल मोठं होऊन नोकरीला लागतं आणि आयुष्यभर त्याच आठ वाक्यांत बोलतं.

चाफाताई, तुमच्या स्टोअरच्या काकांचा तो मेल मी पुन्हा पुन्हा वाचला. "लॉट रिसीव्हड अर्ली. प्लीज डू द नीडफुल." त्यांना जे म्हणायचं होतं ते सांगणारी वाक्यं त्यांच्या इंग्रजीत नसतील. मराठीत असणारच. तुमच्या ट्रेनिंगमध्ये ते कोणत्या गटात निघाले? आणि ती चाचणी कोणत्या भाषेत होती?

चाफा

जास्वंद, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला हलवलं.

चाचणी इंग्रजीत होती. चोवीस चौकटी, प्रत्येकीत चार शब्द, सर्वांत जास्त लागू पडणारा आणि सर्वांत कमी लागू पडणारा निवडायचा. काल जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये जाऊन काकांना विचारलं, काका, तुम्ही कसं भरलंत? ते सरळ म्हणाले, "मॅडम, जे शब्द येत होते त्यांच्यावर खूण केली." येणारे शब्द कोणते? "पेशंट", "हेल्पफुल", "ओबीडियंट", "क्वाएट". जे येत नव्हते ते "असर्टिव्ह", "ऍनालिटिकल". मग ते एसच निघणार. त्यांच्या टेबलावर हिरवी पट्टी आहे, "शांत, सहकार्य करणारे".

या माणसाला मी मालाच्या ट्रकवाल्याशी बोलताना रोज ऐकते. चलनात दोन नग कमी असले तरी गाडी गेटबाहेर जाऊ देत नाहीत. कुठला क्रेट कधी आला, कोणत्या रॅकला आहे, सगळं तोंडपाठ. आणि आम्ही त्यांना शांत म्हणतो.

गोदाकाठ

ताई, मग त्यांना मराठीत लिहायला सांगा ना. अडचण कोणाची आहे? कारखान्यात वाचणारे सगळे मराठीच ना?

चाफा

काका, प्लांट हेड मराठीच आहेत, क्वालिटी हेडही. एचआर म्हणतं, ऑडिटला मेल इंग्रजीत लागतात. पण हे तर आतले मेल. मी विचारून बघते. विषयाच्या ओळीबद्दलही एक ठरवतेय. निर्णय हवा असेल तर विषयातच "निर्णय हवा" आणि कधीपर्यंत ते लिहायचं, आणि काय बिघडलं ते पहिल्या ओळीत, पुरावे त्याखाली. म्हणजे डीला वर हवं ते मिळेल आणि सीला खाली हवं तेवढं लिहिता येईल. क्वालिटी हेडना हे सांगायला गेले तेव्हा वाटलं, ते दुखावतील. ते म्हणाले, "मला कुणी आधी सांगितलंच नाही की माझं वरपासून वाचलं जात नाही."

रातराणी

चाफाताई, मीही धीर करून टीम लीडना विचारलं. "तुम्हाला मेल कसा लागतो?" असंच, गोदाकाठ काकांच्या शब्दांत. ते दोन क्षण गप्प झाले, मग म्हणाले, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. पाच ओळी वर दे, बाकीचं खाली दे, मी रात्री घरी वाचतो. आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुला उत्तर कसं लागतं?" मी सांगितलं, वाचलं की नाही आणि बरोबर आहे की नाही, या दोन गोष्टी. कॉलवर मला आधी दोन मिनिटं द्याल का, हेही विचारून घेतलं. द्यायला लागलेत.

चाफा

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मराठीत लिहायला परवानगी मिळाली, आतल्या मेलपुरती, स्टोअर आणि शॉपसाठी. लेखी नाही, प्लांट हेड तोंडी "चालेल" म्हणाले. पहिले दहा दिवस एकही मेल मराठीत आला नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, सगळ्यांच्यात आपलाच मराठी दिसला तर कसं वाटेल? मग मीच माझे शॉपला जाणारे मेल मराठीत लिहायला लागले. क्वालिटी हेडनी एक लिहिला, तोही मुद्द्यांना क्रमांक घालून.

गेल्या गुरुवारी काकांचा आला. त्यांच्या परवानगीने जसाच्या तसा देते.

"विषय: निर्णय हवा, आज ११ पर्यंत. साहेब, सकाळी ९.१० ला हीट ट्रीटमेंटवरून २ क्रेट आले. चलनावर आजची तारीख आहे. एका क्रेटच्या टॅगवर परवाची आहे. दोन लॉट एकत्र झाले असावेत. नगाचा रंगही वेगळा दिसतो. मी दोन्ही क्रेट बाजूला काढून लाल टेप लावली आहे. तुम्ही सांगेपर्यंत शॉपला देणार नाही."

प्लांट हेडचं उत्तर चार मिनिटांत आलं. "थांबवा. येतो."

आणि ते आले, स्वतः, स्टोअरमध्ये. काकांनी टॅग दाखवला. क्वालिटीला बोलावून तिथेच नग काढून तपासायला पाठवले. एका क्रेटमधले तीन नग कमी हार्डनेसचे निघाले. दोन्ही क्रेट परत गेले.

जास्वंद

"तुम्ही सांगेपर्यंत शॉपला देणार नाही." हे वाक्य मी दहावीच्या वर्गाला दाखवू का? नाव, कारखाना काही सांगणार नाही.

चाफा

काकांना विचारलं. म्हणाले, दाखवा, पण मॅडमना म्हणावं "क्रेट"चं अनेकवचन बरोबर आहे का तेवढं बघा.

कोकणकडा

काकांना आमच्याकडून नमस्कार सांगा. टाइप कशावर केलं त्यांनी? आमच्या शिफ्टच्या पोरांना शिकवायचंय.

चाफा

पहिला मेल फोनवर बोलून केला आणि मग दुरुस्त केला, त्याला पाऊण तास लागला. आता स्टोअरच्या संगणकावर मराठी फोनेटिक कीबोर्ड सुरू करून दिलाय, विंडोजमध्येच मिळतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घ्यायची आणि कीबोर्ड निवडायचा. जोडाक्षरं अजून अडतात त्यांची. "ट्रीटमेंट" लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून भिंतीवर कागद लावून घेतलाय.

हिरवी पट्टी मात्र त्यांनी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.